कमोडोर ६४ साठी एसडी२आयईसी की पाय१५४१?

कमोडोर ६४ हा १९८०च्या दशकातला घरगुती संगणक, आणि १५४१ हा त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह. एसडी कार्डवरून फाइली देणारा एसडी२आयईसी आणि पाय१५४१ हे दोन्ही त्याचे आजचे पर्याय. १५४१ च्या पोटात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी रॅम असते. सगळी मेख इथेच आहे. अनेक गेम आपला वेगवान लोडर (डिस्कवरून गेम भराभर वाचणारा छोटा प्रोग्राम) थेट ड्राइव्हच्या रॅममध्ये टाकून तिथेच चालवतात.

एसडी२आयईसीमधला छोटा मायक्रोकंट्रोलर ६५०२ चा कोड चालवू शकत नाही. ओळखीचे काही लोडर तेवढे सांभाळतो. बाकी वेळा शीर्षकचित्र झळकतं आणि पुढे सगळं ठप्प! साध्या एका फाइलच्या प्रोग्रामांना मात्र तो झकास, आणि वीज कॅसेट पोर्टातूनही मिळते.

पाय१५४१ रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डवर अख्खा ड्राइव्ह प्रोसेसरच्या चक्रागणिक हुबेहूब उभा करतो. ५ व्होल्टचे सिग्नल ३.३ वर आणणारा लेव्हल कन्व्हर्टर मात्र हवाच, नाहीतर रास्पबेरी पाय जळेल. डेमो (संगणकाची करामत दाखवणारे चित्र-संगीताचे प्रोग्राम) बघायचे असतील तर मी डोळे मिटून हाच घेईन.