तांबी कधी बसवावी: बाळंतपणातच की थांबून?

मी दोन्ही करून बघितलंय. थोरल्याच्या वेळी वार पडल्या पडल्या बसवून घेतली, धाकटीच्या वेळी साडेतीन महिने थांबले. तांबी दोन्ही वेळा तीच, कॉपर-टी ३८० ए, दहा वर्षांची. म्हणजे प्रश्न फक्त वेळेचा.

बाळंतपणात बसवायची सोय मोठी, हे मान्य. वार पडल्यावर दहा मिनिटांत, नाहीतर ४८ तासांच्या आत बसवतात; ती वेळ हुकली की सहा आठवडे थांबायचं. माझी धाकटी जाऊ चंदगडला असते. तिकडून कोल्हापूरला नुसतं दाखवायला यायचं तरी अख्खा दिवस जातो. तिनं सिझेरियनमध्येच बसवून घेतली आणि ती खूश आहे.

मला छळलं ते तांबीच्या दोऱ्यानं, जो बोटाला लागला की ती जागेवर आहे असं कळतं. बाळंतपणानंतर गर्भपिशवी आक्रसत जाते, तसा दोरा कधी खाली उतरतो, कधी आतच गुंडाळून बसतो. माझा बसला. सव्वा महिन्यानं तपासलं तर दोरा गायब. मग तीनच शक्यता: तांबी जागेवर आहे आणि दोरा वर गेलाय, किंवा ती नकळत पडून गेली, किंवा पिशवीला भोक पाडून पोटात शिरली. तिसरी गत हजारात एखादीची. पण ती एखादी आपणच, असं वाटायला सोनोग्राफीच्या बाकावरचा दीड तास पुरतो. लिटरभर पाणी पोटात, लघवीला जायचं नाही, बाळ आईच्या मांडीवर टाहो फोडतंय आणि इकडे पान्ह्यानं ब्लाउज भिजलाय. त्यात शेजारच्या बाईनं सांगितलं, तिच्या नणंदेची तांबी लघवीच्या पिशवीत जाऊन तिच्यावर खडा धरला होता. होतं असं, क्वचित. मग दुर्बिणीतून काढतात. पण सांगायची वेळ असते की नाही!

माझी गर्भपिशवीतच निघाली. नसती दिसली तर पोटाचा एक्स-रे काढला असता. तांबीच्या प्लास्टिकमध्ये बेरियम असतं, त्यामुळं ती त्यात उमटते. तीन वर्षांनी काढताना मात्र दोरा नाही म्हणून बारीक चिमटा आत घालून शोधावी लागली. बेंबीच्या देठापासून ओरडले.

म्हणून दुसऱ्या खेपेला थांबले. आता खरं सांगायचं तर भोक पडायचा धोका थांबणाऱ्यांनाच थोडा जास्त, त्यातही अंगावर पाजणाऱ्यांना. बाळंतपणातली तांबी पडून जायची भीती जास्त. भोक पडतं ते बहुधा बसवतानाच, त्यामुळं हात कुणाचा हे मी आधी विचारून घेतलं. डॉक्टरबाईंनी पिशवी पुढं झुकलीय की मागं ते तपासलं, सळईनं खोली मोजली, मगच बसवली. एक कळ आली, संपलं. आता पाळी झाली की न्हाणीत बोटानं बघते. तंगूसासारखा दोरा लागतो, जीव भांड्यात पडतो.

परत येणं जमणारं नसेल, किंवा लगेच दिवस राहायची धास्ती असेल, तर जावेसारखं करा, त्यात चूक नाही. पण दवाखाना जवळ असेल आणि मधले महिने निरोधवर निभत असेल, तर मी तरी थांबेन. कधीही बसवा, दोरा लागेना, ओटीपोट दुखायला लागलं किंवा पाळी चुकली, तर अंगावर काढू नका.

जावेचा दोरा अजून खाली आलेला नाही. सोनोग्राफीत तांबी जागेवर दिसली, तेवढं तिला पुरलं. मी विचारलं की म्हणते, “अक्का, आत हाय न्हवं? मग कशाला हुडकायचं?”