बाळाच्या 'ब्रेन डेव्हलपमेंट कोर्स'च्या नावाखाली मी फसले, तुम्ही सही करू नका

माझी लेक आठ महिन्यांची असताना एका बाईंचा फोन आला, बाळाच्या मेंदूची फ्री टेस्ट करून देतो म्हणाल्या. पहिलंच बाळ, त्यात ती अजून रांगत नव्हती म्हणून मनात धाकधूक होतीच, मी लगेच हो म्हटलं. त्या घरी आल्या, तिच्यासमोर चार-पाच कार्डं भराभर फिरवली आणि दहा मिनिटांत रिपोर्ट तयार! उजवा मेंदू मागे आहे, तीन वर्षांनंतर मेंदू शिकायचा थांबतो, आत्ता नाही केलं तर नंतर काही उपयोग नाही. डिस्काउंट फक्त त्याच दिवशी, त्यामुळे नवऱ्याला विचारायलाही न थांबता मी हप्त्यांच्या फॉर्मवर सही करून टाकली.

बॉक्समध्ये फ्लॅशकार्डं, व्हिडिओ आणि मोझार्टचं संगीत. रोज दोनदा सगळं करायचं आणि तक्ता भरायचा. ती तोंड फिरवायची, रडायची, आणि मी तिला धरून परत स्क्रीनकडे वळवायचे. पैशापेक्षा ह्याचंच जास्त वाईट वाटतं.

लसीच्या वेळी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला तर ते म्हणाले अशी टेस्टच नसते हो, आणि रांगायचं वय प्रत्येक बाळाचं वेगळं, काही तर न रांगता थेट उभी राहतात. वर्षाच्या आत स्क्रीन नकोच असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय हेही त्यांच्याकडूनच कळलं. मग मी वाचायला बसले. मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते असं ज्यावरून म्हणतात तो 1993 चा प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होता, बाळांवर नाहीच, आणि परिणाम टिकला जेमतेम 10-15 मिनिटं! 2003 चा अजून एक अभ्यास सापडला, अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना समोर बसून चिनी बोलणाऱ्या माणसाकडून त्या भाषेतले आवाज ओळखता यायला लागले, तेच व्हिडिओवर दाखवलं तर काहीच नाही. म्हणजे मी पैसे देऊन नेमकं चुकीचं ते करत होते.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं फुकटचं होतं. तिने आवाज काढला की आपण उत्तर द्यायचं आणि मग गप्प राहून तिची पाळी येऊ द्यायची, आंघोळ घालताना काय करतोय ते बोलत राहायचं, तोंडावर फडकं घेऊन बुवाकुक. चमचा दहादा खाली टाकला तर टाकू दे, ती बघतेय काय होतं ते. आणि बाळ आवाजाकडे वळत नसेल तर कार्डं राहू द्या, आधी कान तपासून घ्या.

रिफंड मागितला तर म्हणे तक्ता सलग 90 दिवस भरलेला हवा. लेकीला ताप होता ते दोन दिवस कोरे राहिलेत म्हणून नाही म्हणाले. ही अट फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होती, मी फॉर्म उलटून बघितलाच नव्हता. बॉक्स कपाटावर पडलाय आणि हप्ते अजून चालूच आहेत.