कवितेत बोलतंय कोण? ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका कविता-वर्गाचा अनुभव

या वर्गाला मी गेले ते एका जुन्या दुखण्यापायी, म्हणून आधी ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी कोजागरीच्या कार्यक्रमात मी माझी एक कविता वाचली. परदेशी गेलेल्या मुलाच्या फोनची वाट बघणारी आई त्यात बोलते. माझा स्वतःचा मुलगा पुण्याला असतो आणि एक दिवसाआड फोन करतो. कविता सुचली होती ती शेजारच्या काकूंकडे बघून. कार्यक्रम संपला, मसाला दुधाचे पेले हातात आले आणि दोघीतिघी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "धीर धरा हो." नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी तर त्याच रात्री मुलाला फोन लावून चांगलं खडसावलं. दुसऱ्या दिवशी तो मला एवढंच म्हणाला, "आई, मी खरंच असा वागतो का गं?" मला काय बोलावं कळेना. त्यानंतर 'मी' असलेली एकही कविता मी लिहिली नाही.

म्हणून 'कवितेत बोलतंय कोण?' असं शीर्षक असलेला कागद वाचनालयाच्या फळ्यावर दिसला, तेव्हा त्याच दिवशी नाव नोंदवलं. सहा रविवार, सकाळी साडेदहा ते साडेबारा, शुल्क ९०० रुपये. जागा महाराज बाड्याच्या चौकापासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर. जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आम्ही सतरा जण होतो: ऐंशी पार केलेल्या एक आजी, दोन शिक्षिका, माझ्यासारखे निवृत्त आणि इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा, ज्याला मराठी बोलता येतं पण वाचताना अडखळायला होतं. माझीही शाळा हिंदी माध्यमाचीच, त्यामुळे त्याच्या शेजारी बसायला मला बरं वाटलं.

शिकवणारे सर कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांचा हट्ट एकच: पहिली वीस मिनिटं कवीचं नाव काढायचं नाही, त्याचं लग्न, दारिद्र्य, आजारपण काहीही नाही. कोण बोलतंय, कुणाशी, कुठे उभं राहून, एवढंच सांगायचं. आणि कुणी काही सांगितलं की लगेच विचारायचे, "कोणत्या शब्दावरून?" पहिल्या दिवशी या प्रश्नाची धास्ती वाटली. तिसऱ्या रविवारी मी घरी वर्तमानपत्र वाचतानाही तो स्वतःला विचारायला लागले.

सुरुवात झाली रोडग्याच्या भारुडाने. ते आम्हा सगळ्यांना तोंडपाठ, गणपतीत लहानपणी पदर खोचून म्हटलेलं. सासरा गावी गेलाय, त्याला तिकडेच खपव, असं भवानी आईला सांगणारी सून. कोण बोलतंय? सून. सगळे एका सुरात. मग सरांनी शेवटची ओळ फळ्यावर लिहिली: "एका जनार्दनी सगळेचि जाऊं दे, एकलीच राहू दे मला." 'एका जनार्दनी'खाली एक रेघ, 'एकलीच'खाली दुसरी. आणि खडू खाली ठेवून गप्प बसले.

पन्नास वर्षं ही ओळ म्हणत आले, पण एकाच श्वासात दोन माणसं बोलतात हे कधी कानाला जाणवलं नव्हतं. 'एका जनार्दनी' ही नाथांची मुद्रा, गुरू जनार्दनस्वामींचं नाव जोडून केलेली सही. आणि 'एकलीच' हा शब्द बाईचाच, पुरुष 'एकलाच' म्हणेल. सोळाव्या शतकातले पैठणचे एक संसारी संत सासुरवाशिणीच्या तोंडाने बोलतात आणि सही मात्र स्वतःची करतात. इंजिनिअरिंगच्या मुलाने विचारलं, "मग नाथ खोटं बोलतायत का?" सर म्हणाले, "नाही रे. सही आहे ना खाली, लपवलंय कुठे?" सासू-सासरे म्हणजे जिवाला घेरून बसलेले विकार, हा अर्थ कीर्तनकार सांगतातच. पण तो अर्थ मनाला भिडण्याआधी ती वैतागलेली सून खरी वाटावी लागते, हे मला त्या सकाळी कळलं. आणि नाथांना कुणी कधी "सासूशी पटत नाही का?" असं विचारल्याचं ऐकलं नाही. मग मलाच का विचारलं, असं मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

सगळ्यात भरलेला रविवार तिसरा, भा. रा. तांब्यांचा. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला तांबे घरचेच. इथले राजकवी, १९४१ साली वारले तेही इथेच. मराठीत नाट्यगीत रुजवलं ते त्यांनी, म्हणजे कवितेत एखादं पात्र उभं करून त्याच्या तोंडून बोलणं. या विषयाला त्यांच्याइतका जवळचा कवी दुसरा नाही.

सरांनी आधी 'मधु मागशी माझ्या सख्या परी' ऐकवलं. लता मंगेशकरांचा आवाज, वसंत प्रभूंची चाल. आमच्या घरी रेडिओवर लागलं की आई कणीक मळता मळता थांबायची. मग कागद वाटले आणि म्हणाले, बोलणारी व्यक्ती बाई आहे की पुरुष, शब्द दाखवा.

मी लगेच हात वर केला. बाई! 'सख्या' म्हणते ना, प्रियकराला. "सख्या पुरुष आहे हे कळलं. बोलणारं कोण?" मी ओळी चाळायला लागले. "मधू पाजिला तुला भरोनी." पाजिला. क्रियापद मधूच्या मागे गेलंय, पाजणाऱ्याच्या नाही. आजी आपल्याशीच पुटपुटल्या, "मैंने पिलाया. हिंदीतही कळत नाही की." आम्हा ग्वाल्हेरकरांना त्या एका वाक्याने सगळं लख्ख दिसलं. पुढे "लागले नेत्र रे पैलतिरी", तिथे क्रियापद नेत्रांचं. सतरा जणांनी कविता वरपासून खालपर्यंत पिंजून काढली, पण बोलणारा बाई की पुरुष हे सांगणारा एक शब्द हाती लागला नाही. हाती लागलं ते वेगळंच: दिवस कलला आहे, पूर्वी भरभरून दिलं आहे, आता गाठीला नैवेद्यापुरती दुधाची एकच वाटी आहे आणि मागणारा अजून मधच मागतो आहे. म्हाताऱ्या कवीकडे रसिक पुन्हा पहिल्यासारखी कविता मागतोय, हे मग आपोआपच डोळ्यांसमोर आलं. माझ्या मनातली ती तरुण बाई शब्दांत नव्हतीच. ती गळ्यातून आली होती, आणि इतकी वर्षं मी तिला कवितेची समजत होते. ते गाणं मला आजही तितकंच प्रिय आहे. फक्त आता त्यात दोन आवाज ऐकू येतात.

लगोलग 'नववधू प्रिया, मी बावरतें' घेतली, तिथे पहिल्याच ओळीत क्रियापद बाईचं. सासरी निघालेली मुलगी, गळा दाटलेला, आणि शेवटी "खरे घर ते". हे घर कुठलं, नवरा कोण, हे बोलताना आजींचे डोळे भरून आले आणि सरांनी तिथेच थांबवलं. तेच बरं केलं.

इथेच एक तक्रार. वाटलेले कागद कुठून तरी उतरवून घेतलेले होते आणि 'बावरतें'वरचा अनुस्वार उडालेला. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले हे खरं, पण जुन्या लेखनात 'मी बावरतें' आणि 'ती बावरते' यांतला फरक तोच टिंब दाखवत असे. ज्या वर्गात 'कोणत्या शब्दावरून' हेच शिकवायचं, तिथे कागद जुन्या छापील प्रतीवरूनच हवेत. आम्ही पेन्सिलीने टिंबं देत बसलो, तीही आजींच्या आठवणीवरून.

चौथ्या रविवारी प्रत्येकाने आपली कविता नाव न घालता आणायची होती. मी तीच आणली. कागद मिसळले आणि माझा त्या मुलाच्या हाती गेला. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा अडखळत वाचतोय, "फोन पदराने पुसून ठेवते", आणि कुणी माझ्याकडे बघत नाही. कोण बोलतंय? आई, एकटी राहते. कोणत्या शब्दावरून? "'दुसरा कप उपडाच राहतो' यावरून," एक शिक्षिका म्हणाल्या. वीस मिनिटं सतरा माणसं त्या बाईविषयी बोलली, जणू ती आमच्याच गल्लीत राहते. शेवटी सरांनी एका शब्दावर बोट ठेवलं: 'प्रतीक्षा'. "ही बाई 'प्रतीक्षा' म्हणणार नाही, 'वाट' म्हणेल. इथे कवी मध्येच बोलला." अगदी खरं होतं. तो शब्द मला आवडला होता, तिला नव्हे. मी तिथल्या तिथे खोडला.

पाचवा रविवार वाया गेला. पाहुणे कवी आले आणि दोन तास कुठली कविता कोणत्या प्रसंगावर लिहिली तेवढंच सांगत राहिले. वर्गाचा नियम पाहुण्यांनाही लागू हवा. आणि जात्यावरच्या ओव्या अजिबात नव्हत्या, ही उणीव मला फार खटकली. त्या ओव्यांना कवी नाही, सही नाही. जी दळायला बसेल तिचाच भाऊराया आणि तिचंच माहेर. 'बोलतंय कोण' हा प्रश्न तिथे आणखी वेगळा होतो. पुढच्या खेपेला निदान एक सकाळ त्यांना द्यावी.

शेवटच्या रविवारी सकाळी आठला फूलबागेत, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी जमलो. 'रे हिंदबांधवा, थांब या स्थळीं' तिथे उभं राहून वाचली. एक काका म्हणाले, कवी तांबे, राणीचं माहेरही तांबे, कवितेत 'तांबेकुलवीरश्री' आहे, म्हणजे कवीच बोलतोय. सरांनी त्यांनाच 'मी' शोधायला सांगितलं. आम्ही म्हटली तेवढ्या कडव्यांत तो सापडला नाही. 'थांब' आहे, 'इथे' आहे. १८५८च्या जूनमध्ये जिथे ती ज्योत मावळली तिथे कुणीतरी उभं आहे आणि जाणाऱ्याला अडवतंय. घरी पुस्तकात 'इथे' वाचलं की नजर पुढे सरकते. तिथे वाचलं तेव्हा मी पायाखाली बघितलं.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे असं कळलं. ९०० रुपये सार्थकी लागले, पाचवा रविवार धरूनही. जाणार असाल तर पेन्सिल न्या, आणि घरात तांब्यांच्या कवितांची जुनी छापील प्रत असेल तर तीही.