११८ एनईला मारुती ८०० चा टेम्परेचर सेन्सर: आठ महिन्यांनंतर

ऑगस्टमध्ये हा सेन्सर बसवला तेव्हा चार जणांना फोन करकरून सांगितलं होतं, १८० रुपयांत काम झालं म्हणून. त्यातल्या दोघांनी माझं ऐकून तेच केलं. त्यामुळे आता खरं काय ते लिहिणं भाग आहे. काम झालंय, पण मी तेव्हा छाती फुगवून सांगत होतो तसं नाही.

गाडी म्हणजे प्रीमियर कंपनीची ११८ एनई, ८९ ची, वडिलांनी घेतलेली. अंग फियाट १२४ चं आणि इंजिन निसानचं ए१२. १९८५ साली ही गाडी आली तेव्हा या जोडीचं कौतुक झालं असेल, पण आज सुटा भाग शोधायला निघालात की फियाटवाला म्हणतो हे निसानचं आणि निसानवाला तोंडाकडे बघत राहतो. माझ्या गाडीची टेम्परेचरची सुई एक दिवस तळाला जाऊन झोपली. सेन्सरची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवली, तर सुई सरसर लाल पट्ट्यात गेली. म्हणजे मीटर शाबूत, वायर शाबूत, सेन्सर गेला.

मग शोधाशोध. नाना पेठेत पहिल्याच दुकानात रेडिएटरच्या पंख्याचा थर्मो स्विच हातात ठेवला. "साहेब, एकच असतंय." एकच नसतंय! स्विच ठरावीक तापमानाला फक्त चालू किंवा बंद होतो. सेन्सरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), इंजिनातलं पाणी तापत जाईल तसा हळूहळू कमी होतो आणि सुई त्यावर चालते. कुर्ल्याला सीएसटी रोडवर अख्खी दुपार घालवली, तिथे निघाले ते दोन्ही मेलेलेच. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यालाच होता, आणि कुर्ल्यातच त्यांच्या गाडीचा भाग मिळू नये. शेवटी एका गृहस्थांनी फोनवर जुना पण न वापरलेला नग असल्याचं सांगितलं. २८०० रुपये, पैसे आधी, माल परत घेणार नाही. अंगठ्याएवढ्या पितळी तुकड्याचे २८००! त्या फोननंतर मी ठरवलं, आता हे काम दोनशेच्या आतच करायचं.

मारुतीचा सेन्सर निवडला कारण माझ्या जुन्या सेन्सरचे निमुळते आटे त्याच्याशी जुळले. दुकानात जुना नग शेजारी धरून बघितला, घरी इंजिनावर हाताने दोन-तीन फेरे सहज बसले. तुम्ही मात्र आपापला जुना नग घेऊनच जा, या गाड्यांत मधल्या तीस-पस्तीस वर्षांत कोणी काय बदललंय सांगता येत नाही. जुन्या सेन्सरला वायर नटखाली बसायची, याला दाबून बसवायची पिन आहे. पाच रुपयांची क्लिप, विषय संपला.

बसवण्याआधी तो दुधाच्या पातेल्यात उकळला. सेन्सर तारेने लटकवला, थर्मामीटर शेजारी, मल्टिमीटर कट्ट्यावर. ५० अंशांना १५५ ओहम, ८० ला ५२, आणि पाणी खळखळा उकळलं तेव्हा २९. (पुण्यात पाणी ९८ लाच उकळतं. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर राहण्याचा हा एक तोटा.) पातेलं नंतर तीनदा घासलं, तरी घरात त्यात पुन्हा दूध तापलेलं नाही.

मग मीटरला काय हवंय ते बघितलं. सेन्सरच्या जागी फिरवून रोध कमी-जास्त करता येणारं पॉट लावलं. सुई बरोब्बर मधोमध येते ७० ओहमला, लाल पट्टा सुरू होतो ३० ला. म्हणजे मारुतीचा सेन्सर नुसता लावला तर ८० अंशांना, इंजिन मजेत असताना, सुई मधल्या रेघेच्या दोन बोटं वर उभी राहणार.

इथे माझं डोकं फिरलं. माझ्या लहानपणापासून ती सुई मधोमध आहे. वडील वाईपर्यंत गाडी चालवायचे आणि घाट संपला की काचेवर टिचकी मारून म्हणायचे, "बघ, हलली नाही." मला ती मधोमधच हवी होती. तापकीर गल्लीतून दोन रुपयांचा १८ ओहमचा रेझिस्टर आणला आणि वायरीत सिरीजमध्ये घातला, म्हणजे दोघांचा रोध एकत्र मिळतो. ५२ आणि १८, झाले ७०. सुई मधोमध. त्याच संध्याकाळी ते चार फोन केले.

त्याआधी आमच्या मिस्त्रींनी एक घोळ घातला होता. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात वेढे. एका वायरीच्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या अंगातूनच मिळतं, आणि हे त्याला शाल पांघरून बसवतात. हेडलाइट लावले की सुई उडायची. म्हटलं, "मामा, टेप काढा." तर म्हणे, "पाणी गळलं तर मला बोलू नका." टेप काढली, सीलंटचा पातळ हात दिला, गळलं नाही.

सप्टेंबर ते डिसेंबर सगळं छान. या काळात कोणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते.

जानेवारीत साताऱ्याला निघालो. खंबाटकीचा चढ, पुढे उसाचे ट्रक, दुसरा गिअर. सुई मधल्या रेघेवरून थोडी वर सरकली, तीन-चतुर्थांशाच्या जवळपास येऊन थांबली. लाल पट्टा अजून लांब, म्हणून मी निवांत. पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफ. खालच्या होजची क्लॅम्प सैल होऊन पाणी केव्हापासून ठिबकत होतं. गंमत म्हणजे वाफ यायला लागल्यावर सुई खाली आली, कारण सेन्सर आता पाण्यात नव्हताच. बायको म्हणाली, "सुई तर खाली येतेय, मग थांबलास कशाला?"

कठड्यावर बसून, इंजिन थंड होईपर्यंत, जो हिशोब ऑगस्टमध्ये करायला हवा होता तो केला. सुई लालमध्ये जायला एकूण ३० ओहम लागतात. त्यातले १८ माझ्या रेझिस्टरचे, ते तापमान कितीही वाढलं तरी तिथेच ठाम. म्हणजे सेन्सर १२ ओहमवर यायला हवा. माझ्या पातेल्यात उकळत्या पाण्यातही तो २९ च्या खाली गेला नव्हता! उकळीला एकूण होतात ४७, आणि त्याला सुई म्हणते, अजून वेळ आहे. थंड बाजूला तो रेझिस्टर फारसा जाणवत नाही, गरम बाजूला मात्र त्याचा वाटा मोठा होतो. मधली रेघ सांभाळण्याच्या नादात मी लाल पट्टा शोभेचा करून ठेवला होता. हेड गॅस्केट (इंजिन तापलं की जळणारं आतलं सील) वाचलं, ते निव्वळ नशीब.

ज्या दोघांना मी हा रेझिस्टर सुचवला होता त्यांना साताऱ्यात पोचायच्या आधी फोन केला. एकाने त्याच दिवशी काढला. दुसरा अजून म्हणतो, "पण मधोमध येतेय ना."

माझा आता निघालाय. नुसता सेन्सर, थेट वायर. ९८ अंशांना २९ ओहम, म्हणजे सुई बरोबर लाल पट्ट्याच्या तोंडाशी. झाकणाच्या दाबामुळे रेडिएटरमध्ये पाणी त्याच्याही पुढे जाऊन उकळतं, तेव्हा इशारा थोडा लवकरच मिळतो, आणि लवकर मिळालेला इशारा मला चालेल. फेब्रुवारीत पुन्हा खंबाटकी चढलो, सुई पट्ट्याच्या अलीकडेच थांबली. गळती नाही, सुई उडत नाही, पिन सैल झालेली नाही. १८० चा सेन्सर, पाचची क्लिप, वाया गेलेले दोन रुपये.

फक्त सुई मधोमध नाही. रोज गाडी काढली की ती वर चढते आणि माझ्या पोटात गोळा येतो. सगळे आकडे स्वतः मोजलेले असूनही. बायकोने कंटाळून एक दिवस तिच्या पाकिटातली लाल टिकली काढली आणि काचेवर, गरम इंजिनाला सुई जिथे थांबते तिथे लावली. "ही तुझी नवीन मधली रेघ." गेल्या आठवड्यात उन्हात तापून ती टिकली बोटभर खाली घसरली, आणि स्वारगेटच्या सिग्नलला मी बॉनेट उघडून उभा. मागे रिक्षावाले बोंबलत होते. टिकल्यांचं पाकीट आता ग्लोव्ह बॉक्समध्येच असतं.