जडपणाला भुललो

गेल्या रविवारी पुतण्या मोबाइलवरची एक जाहिरात घेऊन आमच्या टॉवेलच्या कारखान्यात आला. वहीसारखा उघडणारा फोन, वापरलेला, निम्म्या किमतीत. "काका, मग लॅपटॉप कशाला? पार्टीला कोटेशन याच्यावरूनच जाईल." मी म्हटलं, बस, चहा घे. आणि ड्रॉवरमधून माझं जुनं धूड काढून त्याच्यासमोर ठेवलं.

२००९ ची गोष्ट. नोकियाचा कम्युनिकेटर फोन तेव्हा धंदेवाल्यांच्या मनात बसलेला. १९९६ चा पहिला तर ३९७ ग्रॅमचा होता, म्हणजे आमच्या एका बऱ्यापैकी टॉवेलएवढा. २००७ चा ई-९० कमी होत २१० ग्रॅमवर आला. बाहेरून साधा फोन, आडवा उघडला की रुंद स्क्रीन आणि पूर्ण कीबोर्ड, वायफाय, ईमेल, एक्सेलचे तक्ते. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर त्यावर चालणार नाही हे मला ठाऊक होतं. पण हैदराबादच्या पार्टीला रेट पाठवायला दर वेळी सायबर कॅफे गाठायचा कंटाळा आला होता. आणि खरं सांगायचं तर, पार्टीसमोर तो फटकन उघडायची हौसही होती. नव्या पेठेत दोनदा हातात घेऊन पाहिला, किंमत ऐकून दोनदा परत ठेवला.

मग ओळखीतल्या एकानं सांगितलं, मुंबईहून माल आणणारा एक जण आहे. जिन्याखालची खोली, टेबलावर सात-आठ डबे. त्यानं फोन माझ्या तळहातावर ठेवला. "वजन बघा मालक. डुप्लिकेट माल असा भरत नाही." इथंच मी गेलो. टॉवेल हातात घेऊन जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते सांगणारा माणूस मी! वर दोन सिम बसतात, टीव्हीची अँटेना आहे, हेही त्यानं कौतुकानं दाखवलं. अस्सल ई-९० ला एकच सिम लागतं, अँटेना वगैरे काही नसते, एवढं तरी आठवायला हवं होतं. ११,५०० रुपये रोख मोजले. पावती मागितली तर हसला, "आपल्यात कसली पावती?" नव्या गिऱ्हाइकाला मालाच्या दोन गाठी उधार द्यायच्या तर आम्ही चार जणांकडे चौकशी करतो, आणि इथे त्याचं आडनावसुद्धा विचारलं नाही.

घरी येऊन बघतो तर वायफायचं नुसतं चित्र. एक्सेलचं बटण दाबलं की कॅल्क्युलेटर उघडायचा. परत गेलो, तर म्हणे सॉफ्टवेअर येतंय, पुढच्या आठवड्यात टाकून देतो. असे बरेच आठवडे गेले. फोन लागत होता, म्हणून मीही गप्प बसलो.

३० नोव्हेंबरच्या मध्यरात्री सरकारनं आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा पंधरा आकडी ओळख नंबर, नसलेले फोन बंद करायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन मुका. तो नंबर बघायला *#०६# दाबलं तर पंधराच्या पंधरा शून्यं. जिन्याखाली कुलूप. रिपेअरवाल्या पोरानं मागचं झाकण उघडलं आणि बॅटरीच्या बाजूला चिकटपट्टीनं बसवलेली लोखंडी पट्टी काढून माझ्या हातात दिली. कारखान्यात येऊन ती सॅम्पलच्या काट्यावर टाकली. ६२ ग्रॅम. हलक्या कपड्याला खळ चढवून वजन भरतात, तोच प्रकार. दुसऱ्याच्या मालातली खळ मी बोटानं ओळखतो. पोलिसांत गेलो नाही, लाज वाटली. पावती नाही, नाव नाही, सांगणार तरी काय?

पुतण्याला म्हटलं, आता निदान सोय आहे. विकणाऱ्याला *#०६# दाबून फोनच्या स्क्रीनवरचा नंबर दाखवायला सांग, डब्यावरचा नको. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस कर, किंवा सरकारच्या संचार साथी पोर्टलवर टाक. कंपनी आणि मॉडेल समोर येतं. जाहिरातीत एक आणि तिथं दुसरंच दिसलं, किंवा ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट, आधीच वापरात असं आलं, तर विषय संपला. आणि फोन हातात येऊन, आपलं सिम घालून, तासभर वापरल्याशिवाय एक रुपया सोडायचा नाही.

त्यानं तिथंच विकणाऱ्याला नंबर मागणारा मेसेज टाकला. दोन मिनिटांत उत्तर: "आधी दोन हजार टोकन टाका, मग नंबर देतो. तीन गिऱ्हाइकं लाईनीत आहेत."

पुतण्यानं चहा संपवला आणि लॅपटॉपचे रेट काढायला नव्या पेठेत गेला.