थंडीत घरात कढीपत्ता, गवती चहा, बेसिल: ग्रो लाईट आणि हीट मॅट हिवाळाभर वापरल्यानंतर

थंड हवेत घरात कढीपत्ता जगवायचा असेल तर सगळे आधी ग्रो लाईट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा, घ्या म्हणतात. मी लाईट, टायमर आणि कुंडीखाली ठेवायची हीट मॅट असं तिन्ही अख्खा हिवाळा वापरलंय आणि माझं ठाम मत झालंय की कढीपत्त्यासाठी पहिला खर्च मॅटवर करा, लाईट त्यानंतर.

कारण साधं आहे. खोलीत आपल्याला उबदार वाटत असतं पण खिडकीच्या काचेजवळ रात्री कुंडीतली माती बरीच गार पडते, आणि गार मातीत कढीपत्त्याची मुळं पाणी आणि अन्न ओढणं जवळजवळ थांबवतात. मग पानं गळतात, आपण घाबरून पाणी वाढवतो, आणि त्या गार ओल्या मातीत मुळं कुजतात. झाड थंडीपेक्षा या पाण्यानेच जास्त मरतं. पानं गळाली म्हणून लगेच टाकून देऊ नका हं, खोडावर नखाने हलकं खरवडून बघा, आत हिरवं असेल तर ते झोपलंय फक्त. मॅट लावून माती २०-२२ अंशांच्या आसपास ठेवली तेव्हा माझ्याकडे भर थंडीत नवे फुटवे आले, मला इतका आनंद झाला ना!

मॅट घेताना थर्मोस्टॅटवालीच घ्या, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू होणारी, त्याचा सेन्सर मातीत खोचायचा. या मॅट मुळात बियांच्या ट्रेसाठी बनवलेल्या असतात त्यामुळे खोल कुंडीत ऊब तळाच्या काही इंचांपुरतीच पोचते, भाजलेल्या मातीच्या जाड कुंडीत तर अजून कमी, म्हणून पातळ प्लास्टिकची उथळ कुंडी बरी. अजून एक म्हणजे खालून गरम होत असल्याने तळाची माती आधी सुकते, वर ओल दिसली तरी काडी खोल घालून बघायची.

लाईट पांढरा फुल स्पेक्ट्रमवाला, म्हणजे उन्हासारखे सगळे रंग असलेला, घेतला, जांभळा नको, त्या उजेडात पान पिवळं पडलंय का कीड आहे काहीच कळत नाही. शेंड्यापासून साधारण वीतभर ते फूटभर वर आणि टायमरवर १२-१४ तास. दिवा वर सरकवला की उजेड भराभर कमी होतो, लांबून बघायला खोली छान उजळते पण झाडाला त्यातलं फारसं काही मिळत नाही.

बेसिलला (परदेशी तुळस) खरा फायदा लाईटचा झाला. शेंडे खुडत राहिलं की गच्च फुटतं, फक्त १० अंशांच्या खाली पानं काळी पडतात त्यामुळे रात्री काचेला टेकू द्यायची नाहीत. गवती चहा तग धरतो पण वाढत नाही, अपेक्षा ठेवू नका. हळद आणि आलं दिवस लहान झाले की पिवळी पडून झोपतात, ते तसंच असतं, पाणी बंद करून कंद राहू द्यायचे. कोथिंबीर आणि पुदिना मॅटवर अजिबात नको, त्यांना गारवाच आवडतो, उबेत कोथिंबीर पटकन फुलावर जाते.

त्रास झाला तो लाल कोळी या बारीक किडीचा. हीटरने हवा कोरडी झाली की येतोच, पानांवर बारीक पांढरे ठिपके आणि मागे जाळी. आठवड्याला पानांच्या मागून पाण्याचा फवारा मारला की आटोक्यात राहतो. मातीतल्या चिलटांसाठी पिवळे चिकट कार्ड लावले तरी वरची माती सुकू देणं हाच खरा उपाय. कढीपत्त्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुतेक लोह कमी पडतंय, क्षारांचं जड पाणी घालत असाल तर आधी ते बदला.

आता हवा तापली की झाडं बाहेर काढताना मात्र एकदम उन्हात ठेवू नका, दिव्याखाली वाढलेली पानं करपतात. आठवडा-दहा दिवस सावलीतून हळूहळू सरकवा, आणि रात्री १२ अंशांच्या खाली जात असतील तर संध्याकाळी परत आत घ्या.