अमावास्येची रात्र, बिदियाची वाळू: एका छोट्या कॅम्पबद्दल

"तुम्ही चौघी त्या वाळवंटात राहायला गेला होतात ना, ती जागा कशी आहे? नुसत्या बायकाबायका गेलं तर चालतं का?" गेल्या वर्षभरात इथे ओमानमध्ये, मस्कतमधल्या किती जणींनी मला हे विचारलं असेल, त्याची मोजदाद नाही. प्रत्येकीला वेगळा व्हॉइस मेसेज करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

कॅम्पचं नाव मात्र लिहीत नाही. बिदियाजवळच्या वाळूत दहा-बारा तंबू टाकून एक बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीतलं, कुटुंब तो चालवतं. मालक, त्यांचा पुतण्या आणि स्वयंपाकाला एक बांगलादेशी दादा, एवढाच त्यांचा कारभार. मला तिथे काही गोष्टी खटकल्या आणि त्या मी लिहिणारच आहे, पण त्यामुळे कुणाच्या पोटावर पाय यायला नको. ज्यांना जायचंय त्यांनी मला विचारा, नंबर देईन.

मी मूळची मिरजेची, लॅब टेक्निशियन, मस्कतला येऊन सहा वर्षं झाली. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. पहिली दोन वर्षं माझा शुक्रवार म्हणजे कपडे धुणं, आईशी व्हिडिओ कॉल, संध्याकाळी लुलू सुपरमार्केटमधून आठवड्याची भाजी. फार तर दारसेटच्या कृष्णमंदिरात जाऊन यायचं. गाडी नसली की या देशात हातपाय बांधल्यासारखं होतं. शेवटी लायसन्सच्या मागे लागले. पिंपांच्या मधून गाडी उलटी घ्यायची ती ड्रम टेस्ट, मग चढावाची, मग रस्त्यावरची. तिसऱ्या खेपेला पास झाले, त्या दिवशी पार्किंगमध्ये उभी राहून रडले होते. त्यानंतर एक जुनी सेडान घेतली आणि हळूहळू आमची चौघींची गाडी भरायला लागली: कोल्हापूरची नर्स, शाळेत शिकवणाऱ्या नागपूरच्या ताई, डोंबिवलीची अकाउंट्सवाली आणि मी.

पहिल्यांदा गेलो ते डिसेंबर २०२२ मध्ये. तारीख मी कालनिर्णय बघून काढली होती. आई दर वर्षी कुणाबरोबर तरी ते पाठवतेच. मार्गशीर्ष अमावास्या नेमकी शुक्रवारी, २३ तारखेला आली होती. चंद्र नसेल त्या रात्री वाळवंटात आकाश बघायचं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ताईंच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अमावास्येला कुठे निघालात गं पोरींनो?" ताईंनी त्यांची समजूत घातली. आदल्याच दिवशी त्यांनी शेवटच्या गुरुवारचं उद्यापन केलं होतं, आम्हाला तिघींना हळदीकुंकू लावून हातावर फळ ठेवलं होतं. मार्गशीर्ष संपेपर्यंत त्या मांसाहार करत नाहीत. म्हणजे कॅम्पवर एकीचं जेवण वेगळं लागणार होतं, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच होती.

मस्कत ते बिदिया सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. बिदबिदहून सूरकडे जाणारा रस्ता धरायचा, इब्रा मागे टाकायचं. रस्ता झकास आहे, अडीच तासांत पोहोचता येतं. आमची चूक झाली ती वेळेची. आरामात निघालो आणि बिदियातल्या मिंतरिब गावाला पोहोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. शुक्रवारची दुपार! नमाजासाठी सगळी दुकानं बंद. मालकही मशिदीत, फोन लागेना. पेट्रोल पंपाच्या सावलीत गाडीत बसून दोन तास काढले. गावात एकच कॉफी शॉप दिसलं, त्याचंही शटर दोन वाजता उघडलं. तिथला करक, म्हणजे कडक दुधाचा, चहा आणि चीज लावून 'चिप्स ओमान' या वेफर्सचा चुरा भरलेला पराठा, हे आमचं दुपारचं जेवण. भुकेला तो पराठा इतका चविष्ट लागला की आता प्रत्येक खेपेला तिथे थांबतोच. तुम्ही मात्र साडेदहाच्या आत पोहोचा, नाहीतर सरळ अडीचला या.

साधी गाडी वाळूत जात नाही. ती मिंतरिबला लावून ठेवायची आणि मालक लँडक्रूझर घेऊन न्यायला येतात. पक्का रस्ता संपला तिथे ते उतरले. जमिनीवरून काडी उचलून एकेका चाकाच्या वॉल्व्हमध्ये दाबून धरली. हवा सुस्कारा टाकत बाहेर पडायला लागली. चाकाचा खालचा भाग पसरत पसरत पोळीच्या कणकेसारखा बसला, तेव्हा त्यांनी बोटाने दाबून बघितलं आणि पुढच्या चाकाकडे गेले. हवेचा दाब मोजायला मीटर-बिटर काही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पंधरा." पुतण्याने मीटर लावून दाखवलं, काटा पंधराच्या किंचित वर होता. रुंद झालेलं चाक वाळूवर तरंगतं, कडक फुगलेलं चाक रुतत जातं. आठ वर्षांचे असल्यापासून ते हे करताहेत. त्यांना हिंदी बऱ्यापैकी येतं, आणि आम्हा चौघींना ते पहिल्यापासून शेवटपर्यंत 'उख्ती' म्हणत होते, म्हणजे 'माझी बहीण'.

पैशांचं आता सांगून टाकते. आम्ही गेलो तेव्हा माणशी बावीस रियाल, त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता. रियालचे दोनशेच्या वर रुपये होतात, त्यावरून हिशेब करा. पण ने-आण करायचे दहा रियाल वेगळे, हे बुकिंगच्या वेळी कुणी बोललं नव्हतं. तिथे गेल्यावर कळलं. रकमेचं काही नाही, पण आधी सांगायला हवं होतं. मालकांना तसं म्हटल्यावर त्यांनी पुतण्याकडे बघितलं आणि निघताना पाच रियाल परत दिले. दुसऱ्या खेपेला मेसेजमध्येच सगळा आकडा लिहून आला होता.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. संध्याकाळी पुतण्याने आम्हाला टेकड्यांवरून गाडी उडवत न्यायला काढलं. इथे सगळे त्याला ड्यून बॅशिंग म्हणतात. मागच्या सीटचा एक पट्टा लागत नव्हता. ताईंना मणक्याचा त्रास आहे. पहिल्याच उतारावर त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि मी त्याला थांबायला सांगितलं. थांबला तो, माफीही मागितली. पण पट्टा तपासल्याशिवाय गाडीत बसू नका आणि कुणाला पाठ-मानेचा त्रास असेल तर हा प्रकार करूच नका. चालत टेकडी चढलो त्यात आम्हाला दसपट आनंद मिळाला. दोन पावलं वर, एक पाऊल खाली, चपला हातात, धाप लागलेली. वरून बघितलं तर तांबूस वाळूच्या लाटा दिसेल तिथपर्यंत. ही वाळू उत्तर-दक्षिण जवळजवळ १८० किलोमीटर पसरली आहे. पूर्वी हिला वाहिबाची वाळू म्हणत, आता सरकारी नाव शर्किया. टेकडीवर उभ्या असताना खालून एक पिकअप गेली. चालवणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर बदू बायकांचा तो काळा, नाकावर चोच असलेला बुरखा, आणि गाडीवर अशी हुकमत की मी बघतच राहिले. ड्रम टेस्टवाली मी!

कॅम्पच्या कडेला झाडं आहेत, घाफची. मालकांनी नाव सांगितलं. मी फांदी हातात धरून बघितली आणि लगेच ओळखलं, ही तर शमी. तीच बारीक पानं, तेच आखूड काटे. मिरजेत आमच्या शेजारच्या देवळामागे शमी आहे, दसऱ्याला आजी तिची पूजा करायची. खात्री करायला फोनवर शोधलं: घाफ आणि शमी एकच झाड. फरक एवढाच, की इथल्या झाडाचा खालचा भाग कात्रीने कापल्यासारखा सपाट असतो, कारण उंटाची मान पोहोचते तिथपर्यंतचा पाला उंट खाऊन टाकतात. पांडवांनी शस्त्रं शमीवर लपवली ती गोष्ट ताईंनी मालकांना हिंदीत सांगितली. ते मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, आम्हीही पूर्वी सामान याच झाडावर टांगून पुढे जायचो, कुणी हात लावत नसे. मुळं फार खोल जातात म्हणून पाऊस नसला तरी हे हिरवं राहतं, हेही त्यांनीच सांगितलं.

आता जेवण. मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, तंबूत आधी खजूर, मग कहवा, म्हणजे अरबी कॉफी. दल्ला, म्हणजे कॉफीची चोचदार किटली, डाव्या हातात, कप उजव्या हाताने पुढे करायचा ही त्यांची रीत. कप आपल्या देवापुढच्या वाटीएवढा आणि तोही अर्धाच भरतात. संपला की पुन्हा ओततात. नको असेल तर कप हलकेच हलवून परत द्यायचा. हे माहीत नसल्याने डोंबिवलीवालीने सहा कप घेतले आणि रात्री तिला झोप नाही. कहवा कडू, वेलचीचा वास, साखर अजिबात नाही. खजुराबरोबरच तो प्यायचा.

ताईंच्या जेवणाचं मी दोन दिवस आधी कळवलं होतं. तरी धाकधूक होती. बांगलादेशी दादाने मला स्वयंपाकघरात बोलावून दाखवलं: डाळीचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, वांग्याची भाजी वेगळ्या चुलीवर. भात दोन पातेल्यांत, एक कोंबडी घातलेला, एक साधा. निखाऱ्यावर मिशकाक, म्हणजे सळईवरचं मांस, भाजायच्या आधी त्याने ताईंसाठी टोमॅटो आणि कांदे भाजून घेतले. "मावशीका अलग," एवढंच बोलला. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. परदेशात नऊ वर्षं राहून व्रतवैकल्यं सांभाळणाऱ्या बाईला जेवताना दर वेळी समजावून सांगावं लागतं, कधी कधी अपमानही गिळावा लागतो. इथे ते करावं लागलं नाही. या कॅम्पला मी चांगलं म्हणते त्याचं पहिलं कारण हे. रोटी म्हणून आलेली रखाल तर आमच्याकडच्या मांड्याची बहीण वाटावी, कागदासारखी पातळ आणि कुरकुरीत. वर मध घालून खा.

जनरेटर रात्री अकरापर्यंत चालतो आणि त्याचा घरघराट मला सहन होत नव्हता. शेजारच्या कॅम्पच्या क्वाड बाइक्सही, म्हणजे वाळूत चालणाऱ्या चारचाकी मोटारसायकलीही, दहापर्यंत फिरत होत्या. दुसऱ्या खेपेला आम्ही मालकांना विनंती करून जनरेटर नऊला बंद करायला लावला, म्हणजे विचारलं तर ऐकतात. पहिल्या खेपेला तो बंद झाला त्या क्षणी काय झालं ते सांगते. कानांत आधी दडे बसल्यासारखं झालं. मग शेकोटीत एक काटकी तडकली, ती ऐकू आली. मग कोल्हापूरवालीचा श्वास. वर बघितलं तर मृग डोक्याच्या जवळ आलेला, चारही पाय आणि पोटातला बाण स्पष्ट, खाली व्याध निळसर पेटलेला. रोहिणी तांबडी. कृत्तिकांचे मी सात मोजले. मिरजेच्या गच्चीवर बाबांनी दाखवले होते तेव्हा पाचच्या पुढे मोजता आले नव्हते.

त्या शेकोटीपाशी आम्ही अडीच वाजेपर्यंत बसलो. तोवर आम्ही वीकेंडच्या मैत्रिणी होतो. एकत्र भाजी आणायची, पेट्रोल वाटून घ्यायचं. त्या रात्री कोल्हापूरवालीने पहिल्यांदा सांगितलं, की तिच्या वडिलांचा बारावा-तेरावा तिने ड्यूटी रूममधून मोबाइलवर बघितला, रजा मिळाली नाही. कुणी काही बोललं नाही. ताईंनी तिच्या अंगावर दुसरं पांघरूण घातलं. मला वाटतं, मस्कतच्या फ्लॅटमध्ये हे बाहेर आलं नसतं. तिथे कुणाची तरी शिफ्ट असते, कुणाचा तरी फोन वाजतो.

पहाटे थंडी चांगली असते, स्वेटर आणि मोजे न्याच. समुद्राकडून ओलसर हवा येते, त्यामुळे बाहेर राहिलेलं पांघरूण सकाळी दमट झालेलं. वाळूवरचा वरचा थरही ओलसर, आणि त्यावर किड्यांच्या पावलांची नक्षी, शिवणाच्या बारीक टाक्यांसारखी. सूर्य वर आला की अर्ध्या तासात पुसली जाते, म्हणून सहाच्या आधी उठा. बाथरूम दोन तंबूंत मिळून एक, स्वच्छ आहे, पण पाणी थंड आणि किंचित खारट. केस धुवायचा विचार सोडून द्या. चादरी धुतलेल्या होत्या. तंबूला आतून कडी आहे, आणि बायकांच्या तंबूंकडे पुतण्या रात्री फिरकलासुद्धा नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर यात आलंच: हो, बायकाबायका गेलं तर चालतं.

येताना वादी बनी खालिद ही पाण्याची दरी करता येते, कॅम्पपासून तासाभराच्या आत. पाणी बारमाही आणि हिरवंगार, पण शनिवारी तोबा गर्दी. अंगभर कपडे घालून जा, गाव पुराण्या रीतीचं आहे. आम्ही पाय बुडवून अर्ध्या तासात निघालो.

दिवसभरात जाऊन यायच्या सहलींच्या जाहिराती मस्कतमध्ये खूप दिसतात. त्यांच्या नादाला लागू नका, पैसे त्याच गाडी उडवण्यावर जातात आणि सूर्य मावळायच्या सुमाराला परत फिरवतात. ऑक्टोबर ते मार्चमधली अमावास्येजवळची सुट्टी बघा, चौघी-पाचजणी व्हा, मांसाहार चालत नसेल तर दोन दिवस आधी कळवा, ने-आणीचा आकडा लिहून घ्या. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा ताईंनी गूळपोळ्या नेल्या होत्या. मालकांनी एक मोडून तुकडा खाल्ला, उरलेली रुमालात बांधून घरी बायकोसाठी नेली, आणि सकाळी तिने आमच्यासाठी डबाभर हलवा पाठवला. केशर आणि गुलाबपाण्याचा तो डबा माझ्या स्वयंपाकघरात अजून आहे, ताई त्यात आता तीळ भरून ठेवतात.